संगणक उठेपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

साकोलीत बसस्थानकाच्या वाटेवर माझे एक लहानसे दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, लग्नपत्रिका आणि दिवाळी झाली की मंडईतल्या नाटकांची पत्रके, यावर माझा संसार चालतो. दुकानात एक संगणक आहे. २०१२ साली नागपूरहून सुटे भाग आणून जुळवलेला. त्याच्याबद्दलच मी आज बोलणार आहे.

काही वर्षे माझा सकाळचा क्रम ठरलेला होता. कुलूप उघडले की आधी संगणकाचे बटण दाबायचे. मग झाडू मारायचा, पायरीवर पाणी शिंपडायचे, गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती लावायची आणि समोरच्या टपरीवर जाऊन चहा घ्यायचा. परत आलो की पडद्यावर ते पांढरे ठिपके अजून गोल गोल फिरतच असायचे. एकदा घड्याळ लावून पाहिले. बटण दाबल्यापासून पहिला अर्ज उघडेपर्यंत नऊ मिनिटे लागली. मला त्याचे फारसे काही वाटत नसे. संगणक म्हातारा झाला, आपणही झालो, अशी मी समजूत करून घेतली होती. शिवाय चहा निवांत होत होता.

ही समजूत ३१ जुलै २०२३ या दिवशी मोडली. त्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा योजना सुरू झाली होती आणि ३१ जुलै ही अर्जाची शेवटची तारीख होती. आमच्याकडे तेव्हा रोवणीचे दिवस. शेतकरी बांधीतला चिखल पायावर घेऊन थेट दुकानात येत होते. पिटेझरीच्या बाजूचे एक वयस्कर गृहस्थ दुपारी आले. सातबारा, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सगळे प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले. त्यांचा नंबर आला आणि वीज गेली. वीज आली, संगणक सुरू केला, नऊ मिनिटे थांबलो, अर्ज अर्धा भरला, पुन्हा वीज गेली. माझ्या यूपीएसची बॅटरी तेव्हा दोन मिनिटेही तग धरत नव्हती. तिसऱ्यांदा तेच झाले तेव्हा ते म्हणाले, "का जी भाऊ, तुमची मसीन उठेपर्यंत माझी एक बांधी चिखलून झाली असती."

दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. पण थोड्या वेळाने ते उठले. शेवटची गाडी चुकली असती तर रात्र स्थानकावर काढावी लागली असती. ते अर्ज न भरताच गेले. जाताना रागावले नाहीत, याचेच मला जास्त वाईट वाटले. पुढे सरकारने मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवली, ते पुन्हा आले आणि अर्ज भरला गेला. पण त्या दुसऱ्या खेपेचे भाडे आणि रोवणीचा बुडालेला आणखी एक दिवस हा माझ्या संगणकाने त्यांच्याकडून घेतलेला कर होता. माझी नऊ मिनिटे मी चहात घालवत होतो. दुसऱ्याची नऊ मिनिटे घालवण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

संगणक मंद झाला की आपल्याकडे उपाय ठरलेले असतात. कोणी म्हणतो व्हायरस आला, कोणी म्हणतो रॅम वाढवा, कोणी म्हणतो सरळ फॉरमॅट मारा. नवस फेडावा तसा मी दरवर्षी एकदा फॉरमॅट मारत असे. महिनाभर बरे वाटायचे आणि मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. खरे निदान झाले दिवाळीत. माझा भाचा नागपूरला संगणकाचे शिक्षण घेतो. सुटीला आला आणि दुकानात येऊन बसला. त्याने विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला आणि मला म्हणाला, "मामा, हे दोन आकडे बघा."

एक आकडा प्रोसेसरचा होता. संगणकाचा मेंदू म्हणतात तो. तो पाच-सात टक्के काम करत होता, म्हणजे जवळजवळ रिकामा बसला होता. दुसरा आकडा हार्डडिस्कचा, तो शंभर टक्के. मेंदू हातावर हात धरून बसलेला आणि कोठारातून माल आणणारा एकटा गडी धापा टाकतो आहे, असे ते चित्र होते. आणि मी दरवर्षी इलाज करत होतो भलत्याच अवयवावर.

हा गडी का दमतो, हे समजून घेण्यासारखे आहे. हार्डडिस्क म्हणजे आत फिरणाऱ्या चकचकीत तबकड्या. पूर्वी लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवाला तबकड्या लावायचा, त्यावर सुई फिरायची, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. फरक एवढाच की इथे सुई तबकडीला टेकत नाही, तिच्या अगदी जवळून तरंगते आणि खोबणीऐवजी चुंबकाच्या खुणा वाचते. असे पहिले यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ साली आणले. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि त्यात मावत होती जेमतेम पन्नास लाख अक्षरे. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्यात मावणार नाही.

माझ्या संगणकातली तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. ऐकायला हा वेग मोठा वाटतो. पण एखादी नोंद हवी असेल तर सुईला त्या जागी सरकावे लागते आणि तबकडी फिरून ती जागा सुईखाली येण्याची वाट पाहावी लागते. या दोन्हीत मिळून सेकंदाचा साधारण ऐंशीवा भाग जातो. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर काही बिघडत नाही. पण संगणक सुरू होताना विंडोज हजारो लहान लहान तुकडे मागते, एक इथला, एक तिथला. असे दहा हजार तुकडे धरा. सेकंदाला ऐंशी या हिशेबाने दोन मिनिटांच्या वर वेळ नुसत्या धावपळीत गेला. त्यात विषाणूरोधक प्रोग्राम, विंडोजची अद्ययावत होण्याची खटपट, प्रिंटरची सामग्री हे सगळे त्याच वेळी त्याच गड्याला हाका मारतात. मग नऊ मिनिटे होतात.

यावरचा उपाय म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, बोलीभाषेत एसएसडी. तिच्यात काहीच फिरत नाही. आपल्या पेनड्राइव्हमध्ये आणि मोबाइलमध्ये असते त्याच जातीची, पण अधिक वेगाने काम करणारी ही स्मृती आहे. जपानमधल्या तोशिबा कंपनीतले अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती शोधली. १९८४ मध्ये त्यांनी तिचे पहिले रूप जगापुढे मांडले आणि आज एसएसडीत असते ते नँड नावाचे रूप १९८७ मध्ये. हिला फ्लॅश म्हणतात, कारण मजकूर एका झटक्यात पुसला जातो ते पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. आत अतिसूक्ष्म कप्पे असतात. त्यांत विजेचे कण कोंडून ठेवले जातात आणि वीज बंद झाली तरी ते तिथेच राहतात. हार्डडिस्क म्हणजे गुरुजींनी प्रत्येक मुलाच्या घरी सायकलने जाऊन तो आहे का हे पाहणे. एसएसडी म्हणजे वर्गात उभे राहून नंबर पुकारणे. पुकारला की "हजर". जिथे सेकंदाचा ऐंशीवा भाग लागत होता तिथे दहा हजाराव्या भागाच्या आसपास काम होते. दोन मिनिटांची धावपळ सेकंदावर येते, ती अशी.

भाच्याने आणखी एक गोष्ट केली. हार्डडिस्कची तब्येत सांगणारा एक लहानसा मोफत प्रोग्राम त्याने चालवला. प्रत्येक डिस्क स्वतःची एक आजारपणाची नोंदवही ठेवत असते. किती तास चालली, किती जागा खराब झाल्या, किती जागा वाचता येईनात, हे सगळे त्यात असते. माझ्या डिस्कपुढे पिवळ्या रंगात "सावधान" असा इशारा आला. अकरा वर्षे झाली होती. तो म्हणाला, "मामा, ही आता केव्हाही जाईल. मी उद्या नागपूरहून सामान आणतो. तोपर्यंत संगणकाला हात लावू नका. अगदीच गरजेचे असेल ते पेनड्राइव्हवर घ्या आणि बंद करा."

आता मी काय केले ते सांगतो. यात मला काही भूषण नाही, पण दुसऱ्या कोणाचे नुकसान वाचेल म्हणून सांगतो.

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि मंडई म्हटले की रात्री नाटक आलेच. तीन गावांच्या नाटकांची पत्रके माझ्याकडे होती. ती मी मुकाट्याने पेनड्राइव्हवर घेतली. गिऱ्हाइकाचा माल सांभाळला. स्वतःचे काय? माझे सगळे ‘डी’ ड्राइव्हमध्ये होते. संगणक जुळवून देणाऱ्याने २०१२ मध्येच सांगितले होते की ‘सी’मध्ये विंडोज असते, ते बिघडले तर उडते, म्हणून आपले महत्त्वाचे ‘डी’मध्ये ठेवावे. मी तो मंत्र अकरा वर्षे पाळला होता. त्यामुळे मी निर्धास्त.

शिवाय रात्री मला एक जुनी विद्या आठवली. २००४ साली मी एमएस-सीआयटी केले होते. त्या काळात संगणक मंदावला की डीफ्रॅगमेंट करायचे, हे आम्हा सगळ्यांना पाठ होते. म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे उचलून ओळीने लावायचे. धडधाकट डिस्कला याचा फायदा होतोही. मी म्हटले, उद्या पोरगा येईपर्यंत एवढे करून ठेवू, त्याला तेवढेच सोपे जाईल. ‘सी’, ‘डी’ आणि ‘ई’ या तिन्हींवर खूण केली, बटण दाबले आणि घरी जाऊन झोपलो. ज्या म्हाताऱ्याला डॉक्टरांनी खाटेवरून उठू नको म्हटले आहे, त्याला मी रात्रभर पोती वाहायला लावली.

सकाळी दुकान उघडले. पडदा काळा होता आणि पेटीतून आवाज येत होता. टक्, टक्, टक्. मग थोडा थांबून पुन्हा तेच. बटण बंद करून पुन्हा चालू केले तर इंग्रजीत एक ओळ आली. संगणक सुरू करण्यासाठी डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ.

भाचा दुपारच्या गाडीने आला. मी सगळे सांगितले. तो रागावला नाही. त्याने विचारले, "डीमध्ये काय होते?" मी म्हणालो, "डीची काळजी नाही. बिघडले असेल ते सीमध्येच." तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, सी, डी आणि ई ही तीन नावे आहेत. डिस्क एकच आहे."

श्रोतेहो, ही गोष्ट मला तोपर्यंत माहीत नव्हती असे नाही. कळत होते, पण वळले नव्हते. एका मोठ्या बांधीत दोन धुरे टाकले म्हणून तिची तीन शेते होत नाहीत. वरचे तळे फुटले की पाणी तिन्हीत सारखेच शिरते. विंडोज बिघडले तर ‘डी’ वाचते, हे खरे. पण डिस्कच बिघडली तर ‘सी’ही जाते आणि ‘डी’ही जाते. आज माझे बोलणे ऐकणाऱ्या अनेकांच्या घरी, दुकानात, शाळेत असाच एक ‘डी’ ड्राइव्ह असेल आणि त्यात मुलांचे फोटो, शाळेचे निकाल, जमिनीची कागदपत्रे असतील.

माझ्या ‘डी’मध्ये काय होते? माझे वडील धानाची शेती करत. पण दिवाळी झाली की ते दंडारीत उभे राहत. दंडार ही आमच्या झाडीपट्टीची जुनी लोककला. त्यांची एक वही होती. लाल पुठ्ठ्याची, जाड. गाणी त्यांनी आपल्या हाताने लिहिलेली, काही त्यांच्या गुरूंकडून ऐकलेली. २००९ मध्ये मी त्यांच्याजवळ बसून ती वही टाइप केली. अक्षर लागले नाही की ते गाऊन दाखवत. बेचाळीस गाणी, प्रत्येकाची वेगळी फाइल. संगणकात आले म्हणून मी निश्चिंत झालो आणि वही माळ्यावर गेली. २०१४ मध्ये वडील गेले. पुढे केव्हातरी माळा आवरताना वही हाती आली, तर पुठ्ठा होता आणि आत माती होती. वाळवीने पाने खाल्ली होती. तेव्हाही मी घरात सांगितले होते की काळजी नाही, संगणकात आहे.

भाच्याने नागपूरहून दोन वस्तू आणल्या होत्या. एक २४० जीबीची एसएसडी, साधारण दीड हजाराची, मोबाइलपेक्षाही लहान आणि वजनाला इतकी हलकी की आत काही आहे की नाही अशी शंका यावी. दुसरी एक हजार जीबीची नवी हार्डडिस्क, साडेतीन हजारांच्या आसपास. किमती वरखाली होत असतात, पण नव्या संगणकापेक्षा हा खर्च फारच कमी. एक सावधगिरी मात्र सांगतो. ऑनलाइन कुठे कुठे हजार रुपयांत दोन टेराबाइट अशा जाहिराती दिसतात. अशा वस्तूवर आकडा मोठा छापलेला असतो आणि आत जुनी, लहान क्षमतेची चिप असते. भरत गेलात की मागचे पुसून त्यावरच लिहिले जाते आणि महिनाभर पत्ताही लागत नाही. नावाजलेल्या कंपनीची, बिल आणि हमीपत्र देणाऱ्या दुकानातूनच घ्यावी.

भाच्याने विंडोज चालू करण्याचा प्रयत्नच केला नाही. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आजारी डिस्कची नक्कल काढणारा एक मोफत प्रोग्राम लावला. त्याची रीत मला फार आवडली. आधी तो डिस्कचा जो भाग बिनतक्रार वाचता येतो तेवढा वाचून घेतो. जिथे अडते तिथे हटून बसत नाही, त्या जागेची खूण करून पुढे जातो. सगळे सोपे पदरात पडल्यावर मग त्या खुणांपाशी परत येऊन एकेक जागा पुन्हा वाचून पाहतो. पुरात घर सोडताना आपण आधी पोरे बाहेर काढतो, कुलूप न उघडणाऱ्या पेटीशी झटत बसत नाही, तसेच.

ते काम दोन रात्री आणि एक दिवस चालले. दुकान बंद होते. ती पत्रके मी लाखनीच्या एका ओळखीच्या दुकानात बसून पूर्ण केली. दुसऱ्या रात्री मी पेटीजवळच बसलो होतो. टक्-टक् झाले की छातीत धस्स व्हायचे.

नक्कल निघाली. मग पुढचे काम सोपे होते. नकलेतला विंडोजचा भाग एसएसडीवर चढवला. नवे विंडोज टाकणे अधिक स्वच्छ, पण माझ्याकडे डीटीपीचे जुने प्रोग्राम आणि जुने मराठी फाँट होते. ते पुन्हा बसवायचे म्हणजे आठवडा गेला असता, म्हणून होते तसेच उतरवले. एसएसडी बसवायला दोन केबल लागतात, एक वीज देणारी आणि एक माहितीची. जुन्या पेटीत तिच्यासाठी वेगळी जागा नसेल तर एक साधी पट्टी मिळते, तीत बसवून स्क्रू लावायचे. पहिल्यांदा सुरू करताना पेटीत ती एकटीच जोडलेली असावी. एकच विंडोज दोन डिस्कवर दिसले की संगणक गोंधळतो. नंतर संगणकाच्या मूळ मांडणीत जाऊन, आधी हिच्यावरून सुरू हो, असे सांगून ठेवायचे. नवी हार्डडिस्क मग साठवणीसाठी जोडायची. भराभर लागते ते एसएसडीवर, नुसते सांभाळायचे ते हार्डडिस्कवर.

बटण दाबले. मी सवयीने झाडू उचलला. केर दारापर्यंत गेला नव्हता तोच मागून विंडोज सुरू झाल्याचा आवाज आला. घड्याळ लावले तर तीस सेकंदांच्या आत पहिला अर्ज उघडला. तोच संगणक, तोच प्रोसेसर, तीच चार जीबी रॅम.

मग ‘डी’ची नक्कल उघडली. बेचाळीस फाइली दिसत होत्या. मी एकेक उघडत गेलो. एकोणचाळीस उघडल्या. तीन उघडल्या नाहीत. नावे दिसत होती, आत काहीच नव्हते. त्या जागा वाचताच आल्या नव्हत्या.

ती गाणी कोणती हे नावावरून कळत होते. मी वडिलांच्या गावी गेलो. त्यांच्याबरोबर दंडारीत असलेले एक काका अजून आहेत, ऐंशीच्या पुढचे. तीनपैकी एक त्यांना येत होते. त्यांनी ओट्यावर बसून म्हटले, मी मोबाइलवर घेतले. मध्ये दोन ठिकाणी ते अडले आणि मग स्वतःच्या मनाने त्यांनी ओळ जुळवली, असे मला वाटले. वडिलांनी तसेच लिहिले होते का, हे आता ताडून पाहता येत नाही. उरलेली दोन कोणाला येत नाहीत. वाळवीने वही खाल्ली त्याला पाच-सहा वर्षे लागली असतील. मी एका रात्रीत दोन गाणी घालवली, तीही मदत करायच्या हेतूने.

एसएसडी म्हणजे काही रामबाण नव्हे, हेही सांगायला हवे. सरकारी संकेतस्थळ ज्या दिवशी अडते त्या दिवशी तुमचा संगणक कितीही वेगवान असो, रांग हलत नाही. जुलै २०२४ मध्ये ‘माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा हे मी पाहिले. बाया लेकरे कडेवर घेऊन उभ्या होत्या. पण वीज गेली-आली तरी माझ्यामुळे त्यांचा अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ गेला नाही, एवढे मात्र मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. दुसरे असे की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि माझ्यासारख्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. एसएसडीने डिस्कचा वेग वाढतो, प्रोसेसरचे वय कमी होत नाही. अशा संगणकावर लिनक्स हा एक मार्ग आहे. आपल्या सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्सही आहे.

एसएसडी झिजते का, असे अनेक जण विचारतात. झिजते. कप्प्यातले पुसून पुन्हा लिहिताना त्याची भिंत थोडी थोडी कमकुवत होते. पण हिशेब करून पाहा. २४० जीबीच्या एसएसडीवर ८० टेराबाइट लिहिण्याची मर्यादा धरली आणि रोज २० जीबी लिहिले, जे दुकानातही सहसा होत नाही, तरी ती मर्यादा गाठायला जवळपास अकरा वर्षे लागतात. डीफ्रॅगमेंट मात्र हिला करू नये. सुईच नाही तर तुकडे ओळीने लावून उपयोग काय? उगाच झीज होते. आणि ती वर्षानुवर्षे कपाटात ठेवून देण्याची वस्तूही नव्हे. वीज न मिळता फार काळ पडून राहिली, त्यातही आमच्या उन्हाळ्यात, तर कोंडलेले कण हळूहळू निसटू शकतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे. हार्डडिस्क मरताना निदान टक्-टक् करते, एसएसडी बहुधा तेवढेही करत नाही. काल चालत होती, आज नाही. वेग वाढला म्हणून सुरक्षितता वाढली, असे समजू नका. माझी ती बेचाळीसातली चाळीस गाणी आता तीन ठिकाणी आहेत. दुकानातल्या डिस्कवर, घरी एका वेगळ्या डिस्कवर आणि भाच्याकडे नागपूरला. जुना फाँट नसला तर ती अक्षरे पडद्यावर नुसती खिचडी दिसतात, म्हणून सगळी युनिकोडमध्ये बदलून घेतली. आणि एक प्रत कागदावर छापून, बांधून, पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. पेटीत डांबराच्या गोळ्याही टाकल्या आहेत.

मागच्या हंगामात पिटेझरीकडचे ते गृहस्थ पुन्हा आले होते, धान विक्रीच्या ऑनलाइन नोंदणीसाठी. त्यांनी बाकावर बैठक मारली, पिशवी मांडीवर घेतली आणि तंबाखूची डबी काढली. त्यांचा चुना मळून व्हायच्या आत मी सातबारा मागितला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग संगणकाकडे पाहिले. म्हणाले, "का जी, नवा घेतला का?"

मी म्हटले, "नाही काका. तोच आहे."

आज घरी किंवा दुकानात जाल तेव्हा एक करा. एसएसडी पुढच्या महिन्यात घेतली तरी चालेल. पण तुमच्या ‘डी’ ड्राइव्हमध्ये जे पुन्हा मिळणार नाही असे काही असेल, ते आजच दुसऱ्या एखाद्या वस्तूवर उतरवून घ्या आणि ती वस्तू दुसऱ्या घरात ठेवा.